आमच्या वर्गात तुरळक ठिकाणी पाऊस

तिसरीच्या वर्गाला मी कोपरखैरण्यात शिकवते, मराठी शाळा, सकाळचं सत्र, पट बेचाळीस. अर्धी पोरं साताऱ्याकडची, म्हणजे आजोबा माथाडी म्हणून आले आणि इथलेच झाले अशी, काही घणसोली गावठाणातली आगरी, बाकी कुठून कुठून. मागच्या जुलैतली गोष्ट आहे. हवामान हा पाठ होता आणि मी आळशीपणा करून नेटवरची वर्कशीट छापून आणली. त्यात सूर्य, ढग, छत्री आणि एक बर्फाचा माणूस, गळ्यात मफलर. एकाने विचारलं, बाई हा कोण? मी म्हटलं बर्फ पडतो ना तिकडे, त्याचा करतात. तर मागच्या बाकावरून, आमच्या मासळी बाजारात पण पडतो बर्फ, पण त्याचा माणूस नाय करत, त्यात पापलेट ठेवतात. झालं, वर्कशीट तिथेच संपली.

मग मी सांगितलं की घरून पावसाचा एक शब्द आणायचा, ज्याला जो मिळेल तो, चिठ्ठीवर लिहून बरणीत टाकायचा. बरणी माझ्याच घरची, लोणच्याची, वास काही गेला नाही शेवटपर्यंत. मला वाटलं रिमझिम, मुसळधार येतील आणि विषय मिटेल. पण घरी आज्या असतात हे मी विसरले होते. भुरभुर आली, रिपरिप आली, झड, मळभ, वळीव. एकाचे आजोबा पूर्वी खाडीत मासेमारीला जायचे, त्याने मतलई आणला, म्हणजे जमिनीकडून पाण्याकडे जाणारा वारा. हा शब्द मी फक्त भूगोलाच्या पुस्तकात खारे वारे, मतलई वारे असा पाठ केलेला, कुणी घरात बोलत असेल असं वाटलंच नव्हतं.

सातारकर पोरीने दोन शब्द आणले, तरणा पाऊस आणि म्हातारा पाऊस. पुनर्वसू नक्षत्राचा तो तरणा, पुष्याचा म्हातारा, आणि आम्ही नेमके त्या दोघांच्या मधल्या आठवड्यात होतो. मग वर्गात वाद, की आत्ता पडतोय तो कोण? म्हातारा ओळखायचा कसा? ती म्हणाली, म्हातारा रात्रभर खोकतो. बाहेर खरंच तसलाच चालू होता, जरा थांबायचा, परत सुरू.

पागोळ्यांवर मात्र मी अडकले. उतरत्या छपराच्या कडेने पाण्याच्या धारा लागतात त्या पागोळ्या, हे मी फळ्यावर कौलारू घर काढून समजावलं, पण ही पोरं राहतात सपाट स्लॅबखाली. एक जण म्हणाला, आमच्याकडे वरच्यांच्या एसीच्या पागोळ्या पडतात, मग मम्मी भांडायला जाते. चूक द्यायची का बरोबर? मी बरोबर दिलं. पागोळी शब्द टिकायचा तर एसीवर टिकू दे बाबा. मुसळधारचंही तेच, मुसळ कुणी पाहिलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी गावठाणातल्या एकीच्या बाबांनी स्कूटरवर आडवं धरून मुसळ आणून दिलं, चांगलं कमरेएवढं, आजीचा निरोप की पोरांच्या पायावर पाडू नका. प्रत्येकाने हात फिरवून बघितला की एवढ्या जाडीची धार म्हणजे केवढा पाऊस.

मोजायचं पण ठरलं. दोन लिटरची बाटली वरून कापून तोंड उलटं बसवलं, बुडाशी खडे आणि शून्याच्या रेघेपर्यंत पाणी, कारण बाटलीचं बूड वाकडंतिकडं असतं, बाहेरून पट्टी चिकटवली. हवामान खातं सकाळी साडेआठला चोवीस तासांचा पाऊस मोजतं म्हणून आम्हीही साडेआठलाच. ६४.५ मिमीच्या पुढे गेला तर जोरदार, ११५.६ पासून अति जोरदार, २०४.५ पासून अत्यंत जोरदार, हे आकडे पोरांना पाढ्यांपेक्षा लवकर पाठ झाले, त्याचा मला थोडा रागच आला. मिमी म्हणजे केवढं ते कळेना, म्हणून २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला पडलेल्या ९४४ मिमीची कागदाची पट्टी कापून भिंतीला लावली. एकेक जण तिच्याशेजारी उभा राहिला. पाणी छातीपर्यंत आलं. त्या दिवशी वर्ग जरा शांत होता.

आणि मग पाहणीचा दिवस. वरून साहेब येणार, चार दिवस आधीपासून शाळेत रंगरंगोटी. माझा कार्यक्रम ठरलेला, आधी बोटांचा पाऊस, म्हणजे एका बोटाने बाक वाजवला की भुरभुर, चार बोटांनी रिमझिम, मग टाळ्या, मग मांड्यांवर थापा आणि शेवटी पाय आपटून मुसळधार, आणि तसंच उलट ओसरत यायचं. नंतर खोक्याच्या टीव्हीतून बातम्या. बातम्यांची भाषा मी शिकवली होती, तुरळक ठिकाणी, काही ठिकाणी, बहुतांश ठिकाणी, याचा अर्थ काय आणि फरक काय.

बोटांचा पाऊस फर्स्टक्लास झाला. ओसरत ओसरत एका बोटावर आला, मग तेही थांबलं, सगळं शांत, आणि त्या शांततेत टप. टप. मागे खिडकीजवळ ठेवलेली बादली. ती लपवायचं माझ्या डोक्यातच आलं नाही, जूनपासून तिथेच असते ना ती. मुख्याध्यापिका मॅडम माझ्याकडे बघायला लागल्या, मी घाईघाईने बातम्या सुरू कर म्हणून खूण केली. आमचा निवेदक बाबांचा टाय घालून आलेला, खोक्यात डोकं घातलं आणि खड्या आवाजात, नमस्कार, आज नवी मुंबईत आकाश ढगाळ राहील, अधूनमधून जोरदार सरी. आमच्या वर्गात तुरळक ठिकाणी पाऊस, खिडकीजवळच्या दुसऱ्या बाकावर.

मी म्हटलं, अरे वर्गात नाही, बाहेरचं सांग. तर खोक्यातून, बाई, तुम्हीच म्हणालात ना तुरळक म्हणजे सगळीकडे नाही, एखाद्या ठिकाणीच. साहेब उठले, दुसऱ्या बाकापर्यंत गेले, वर बघितलं, ओल केवढी पसरलीय ते बघितलं, आणि पोराला विचारलं, किती पडला? तो म्हणाला, ते नाही सांगता येत सर, सगळ्या छताचं पाणी एका भोकातून येतंय, त्याचे मिमी नाही होत. हे मी शिकवलं नव्हतं, देवाशपथ. बाटली बादलीच्या जागी ठेवून बघू म्हणून त्यांच्यात आधीच भांडण झालेलं आणि त्यांनीच ते मिटवलेलं. साहेब हसले, मॅडम हसल्या नाहीत, मला नंतर ऑफिसात दहा मिनिटं ऐकावं लागलं की पोरांना स्क्रिप्ट द्यायची असते.

शनिवारी मात्र गच्चीवर माणसं आली, डांबर गरम करून ओतलं, सगळ्या शाळेत वास. सोमवारी बरणीत नवी चिठ्ठी होती, वर्गात उघडीप. बादली काढून टाकली, त्या बाकावर बसायला परत मारामारी.

गुरुवारी रात्री म्हातारा पुन्हा खोकला. सकाळी मी कुलूप काढून आत पाय टाकला तो थेट पाण्यात. निवेदक माझ्या मागेच होता, दप्तरसुद्धा उतरवलं नव्हतं, म्हणाला, बाई, पाऊस दाराकडे सरकला.