उजव्या हाताची सही आणि मेणातला तुकडा

माझ्या उजव्या मनगटाजवळच्या रेडियस या हाडाला युइंग सार्कोमा हा कॅन्सर झाला होता. केमोथेरपीच्या पहिल्या टप्प्यानंतर हाडाचा तो भाग काढून तिथे पायातले फिब्युला हे हाड बसवण्यात आले. शस्त्रक्रिया मोठी होती आणि ती नीट पार पडली. माझा राग अजून आहे तो त्याआधीच्या एका खिडकीवर.

बायोप्सी आमच्या जिल्ह्याच्या ठिकाणी झाली होती. कॅन्सर रुग्णालयाने उपचारांपूर्वी स्लाइड आणि पॅराफिन ब्लॉक, म्हणजे मेणात जपलेला गाठीचा तुकडा, मागितले, आणि ते रास्तच होते, कारण सूक्ष्मदर्शकाखाली युइंगसारखे दिसणारे इतरही आजार असतात आणि ईडब्ल्यूएसआर१ या जनुकातला बदल तपासायचा तर गाठीचा तुकडाच लागतो, छापील रिपोर्ट पुरत नाही. पण ज्या लॅबमध्ये तो ब्लॉक होता, तिथले उत्तर ठरलेले होते: ‘ब्लॉक आमचे रेकॉर्ड आहे.’ आधी रुग्णालयाचे पत्र हवे होते. ते नेल्यावर त्यावर शिक्का हवा होता. शिक्का आणल्यावर रुग्णाने स्वतः येऊन सही करायला हवी होती. मी गेलो, तर डाव्या हाताने केलेली सही बायोप्सीच्या संमतिपत्रावरच्या सहीशी जुळत नाही म्हणून अर्ज परत आला. माझा उजवा हात प्लास्टरच्या स्लॅबमध्ये गळ्यात अडकवलेला होता आणि तो काचेपलीकडच्या गृहस्थांना स्पष्ट दिसत होता. ते शांतपणे म्हणाले, ‘मग हात बरा झाला की या.’

शेवटी लॅबच्या पॅथॉलॉजिस्ट बाईंना प्रत्यक्ष भेटलो. त्यांनी डाव्या अंगठ्याचा ठसा आणि दोन साक्षीदार एवढ्यावर ब्लॉक दिला. खिडकीवर हे कोणालाच सुचले नव्हते. म्हणून माझे सांगणे असे, की अर्ज थेट पॅथॉलॉजिस्टच्या नावाने करावा आणि पोच घ्यावी. ब्लॉक म्हणजे प्लास्टिकच्या लहान कॅसेटवरच्या मेणात बसवलेला, नखाएवढाही नसलेला तुकडा; कॅसेटच्या कडेवरचा क्रमांक रिपोर्टवरच्या क्रमांकाशी तिथेच ताडून पाहावा. उन्हात उभ्या गाडीत तो ठेवू नये, मेण वितळू शकते.

खरे तर जिथे शस्त्रक्रिया होणार तिथेच बायोप्सी करावी, कारण सुई किंवा छेद ज्या वाटेने गेला ती वाटही नंतर गाठीबरोबर काढावी लागते.

काढलेल्या रेडियसच्या जागी शेजारचे अल्ना हाड सरकवून बसवण्याचाही पर्याय डॉक्टरांनी समजावला होता. माझ्या बाबतीत फिब्युला रक्तवाहिन्यांसह घेतले आणि त्या वाहिन्या हातातल्या वाहिन्यांना सूक्ष्मदर्शकाखाली जोडल्या. केमोथेरपी पुन्हा सुरू होणार असल्याने जिवंत हाड जुळण्याची शक्यता अधिक, असे त्यांचे म्हणणे होते. सुरुवातीला परिचारिका रात्रंदिवस फिब्युलासोबत घेतलेल्या त्वचेच्या चकतीवर डॉप्लर हे ध्वनिलहरींचे यंत्र ठेवून रक्तप्रवाहाचा आवाज ऐकत असत. मनगट प्लेट लावून कायमचे स्थिर केले आहे. ते वाकत नाही, पण बोटांची पकड चांगली आहे आणि सही पुन्हा उजव्या हाताने होते, याचा मला त्या खिडकीमुळे जरा जास्तच अभिमान वाटतो.

पायाची काळजी सगळेच करतात. शरीराचा भार मुख्यतः टिबिया या नडगीच्या हाडावर असतो आणि घोट्याजवळचा फिब्युलाचा भाग तसाच ठेवतात, त्यामुळे चालणे पूर्ववत होते. पायाचा अंगठा मात्र आखडू शकतो; तो ताणण्याचा व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून आपणहून मागून घ्यावा, कारण तिथे सगळ्यांचे लक्ष हाताकडेच असते.