अपिलाचे दिवस कुठून मोजायचे?

"वकीलसाहेब, निकालाची नक्कल हातात आल्यापासून तीस दिवस ना?" निकाल विरोधात गेला की हा प्रश्न ठरलेला. तुम्हीही विचारलंत, म्हणून सांगतो: नाही. मुदत निकालाच्या दुसऱ्या दिवसापासूनच धावायला लागते.

दिवाणी दाव्यात जिल्हा न्यायालयात अपील करायला 30 दिवस, उच्च न्यायालयात 90. फौजदारीत शिक्षेविरुद्ध सत्र न्यायालयात 30, उच्च न्यायालयात 60; फाशी असेल तर तिथेही 30च.

नकलेचे दिवस वजा होतात, पण अर्ज दिल्यापासून नक्कल तयार होईपर्यंतचेच. समजा, 3 मार्चला निकाल लागला, 6 तारखेला अर्ज दिला, 20 तारखेला नक्कल तयार झाली आणि तुम्ही ती 2 एप्रिलला उचलली. 30 दिवस 2 एप्रिलला संपतात. त्यात 6 ते 20 मार्चचे 15 दिवस धरा, म्हणजे 17 एप्रिल. नक्कल खिडकीत पडून राहिली ते दिवस तुमच्या खात्यावर! हुकूमनामा (निकालावरून कोर्ट काढतं तो औपचारिक आदेश) अजून निघाला नाही म्हणून अर्ज लांबवणं त्याहून वाईट, कारण अर्जाआधी तो बनवण्यात गेलेला कोर्टाचा वेळ मोजणीतून सुटत नाही. दिवाणी अपील निकालपत्राच्या प्रतीवर दाखल होतं, तेव्हा नकलेचा अर्ज निकालाच्या दिवशीच टाका.

उशीर झालाच तर विलंब माफीचा अर्ज अपिलाबरोबर द्यावा लागतो. माफी मिळतेच, हा समज मात्र सोडा. कर्नाटक हाउसिंग बोर्डाच्या दुसऱ्या अपिलातला (म्हणजे पहिल्या अपिलाच्या निकालावरच्या अपिलातला) 3,966 दिवसांचा उशीर तिथल्या उच्च न्यायालयाने माफ केला होता. सप्टेंबर 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. सरकारी मंडळाची ही गत, तर "आजारी होतो" एवढ्या एका ओळीवर तुमचं काय होणार? दवाखान्याचे कागद तारखेनिशी जोडा.

आणखी एक. अपील दाखल झालं म्हणजे स्थगिती मिळाली असं नाही. वेगळा अर्ज करून आदेश घेतला नाहीत, तर समोरचा खुशाल दरखास्त (निकालाच्या अंमलबजावणीचा अर्ज) लावतो आणि कोर्टाचा बेलिफ दारात येतो. चेक बाऊन्सच्या शिक्षेवर आरोपीने अपील केलं, तर दंडाच्या किंवा भरपाईच्या किमान 20 टक्के रक्कम भरायला कोर्ट सांगू शकतं, साधारणपणे 60 दिवसांत. अपवादात्मक प्रकरणात ही अट शिथिल करता येते, असं सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये सांगितलंय. पण तुमचं प्रकरण अपवाद का, ते अर्जात लिहावं लागतं.