रामले गावातलं घर कुणाचं?

घरच्यांकडून ऐकलेला इतिहास तपासायचा तर आधी तारखा एकाखाली एक मांडाव्यात. इस्रायली शांतता कार्यकर्त्या डालिया लँडाऊ यांच्या, इस्रायलमधल्या रामलेतल्या घराच्या तारखा अशा: अहमद खैरींनी ते १९३६ मध्ये बांधलं. १९४८ च्या युद्धात खैरी कुटुंब वेस्ट बँकेतल्या रामल्लाला गेलं, जुलैत इस्रायली सैन्याने गावातल्या बहुतेक अरबांना हाकललं आणि नोव्हेंबरात बल्गेरियाहून आलेल्या एश्केनाझींना, म्हणजे डालियांच्या आईवडिलांना, ते रिकामं घर मिळालं. डालिया तेव्हा वर्षाच्याही नव्हत्या. एश्केनाझीही जीव वाचवूनच आले होते. १९४३ मध्ये बल्गेरियातल्या ज्यूंची नाझी छावण्यांकडे होणारी रवानगी ऐनवेळी थांबली होती.

‘अरब आपणहून पळाले’ असंच डालियांच्या कानावर आलेलं. हाकलण्याच्या आदेशाबद्दल यित्झाक राबिन (तेव्हा सैन्यातले अधिकारी, पुढे पंतप्रधान) यांनी आठवणींत लिहिलं, पण इस्रायलमध्ये तो मजकूर सेन्सॉरने कापला. १९७९ मध्ये तो न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रात छापून आला.

घर परत द्यायचं म्हटलं तर खरी अडचण इस्रायलच्या १९५० च्या कायद्याची. २९ नोव्हेंबर १९४७ नंतर जो शेजारच्या अरब देशांत किंवा पॅलेस्टाइनच्या इस्रायलबाहेरच्या भागात होता, त्याची मालमत्ता सरकारी कस्टोडियनकडे. का गेला, हा प्रश्नच नाही. (फाळणीनंतर पाकिस्तानात गेलेल्यांच्या मालमत्तेसाठी भारतानेही १९५० मध्येच कायदा केला.)

१९६७ मध्ये अहमद यांचा मुलगा बशीर दारात आला आणि डालियांनी त्याला आत घेतलं. पुढे सुपरमार्केटमधल्या बॉम्बस्फोटासाठी त्याला पंधरा वर्षांची शिक्षा झाली. १९८५ मध्ये डालियांचे वडील वारल्यावर घर एकुलत्या एक डालियांकडे आलं. ते विकून पैसे द्यायची तयारी त्यांनी दाखवली. बशीरने विक्रीला साफ नकार दिला, इथे अरब मुलांची बालवाडी व्हावी म्हणाला. १९९१ मध्ये तिथे बालवाडी आणि ज्यू-अरब भेटीगाठींचं केंद्र सुरू झालं. मालकीचा गुंता सुटत नव्हता, म्हणून वापर बदलला. माझ्या मते माफीनाम्यापेक्षा हे कितीतरी भारी.

त्याआधी, १९८८ मध्ये, बशीरला लेबनॉनला हद्दपार केलं तेव्हा डालियांनी वर्तमानपत्रात जाहीर पत्र लिहून त्याला हिंसा सोडायला सांगितलं होतं. उत्तरात त्याने आपल्या डाव्या हाताबद्दल लिहिलं. लहानपणी गाझात खेळण्यात लपवलेल्या स्फोटकाने त्या हाताची बोटं गेली होती. इतक्या वर्षांच्या ओळखीत तो हात खिशातच असायचा. डालियांच्या ते कधी लक्षातच आलं नव्हतं.

सर्व निर्वासितांनी परतावं, ही बशीरची मागणी डालियांना मान्य झाली नाही.