आमचं कोडीनार

शुक्रवार, १९ डिसेंबर. महुवा, रात्र

आज अमावास्या. पहाटे साडेपाचला आजी ओट्यावर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "अमावास्येला कुणी गाव सोडतं का गं?" मी म्हटलं, समुद्र बघायचा तर अमावास्येलाच जायला हवं, उधाण असतं. तिला ते पटलं असावं. आत गेली आणि दशम्यांचा डबा, लसणाची चटणी आणि गूळपापडी घेऊन आली. डबा तिने माझ्या हातात दिला नाही, पाहुणीच्या दिला.

पाहुणी म्हणजे माझी पोर्तुगालची मैत्रीण. फाइन आर्ट्सला एका सत्रासाठी प्रिंटमेकिंग शिकायला आली आहे. ऑगस्टमध्ये पहिल्यांदा आमच्या बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या घरी आली तेव्हा आजीला तिचं नाव काही केल्या उच्चारता येईना, म्हणून ती पाहुणी झाली. आता हॉस्टेलवरही सगळे तिला तेच म्हणतात. तिची नागपूरची रूममेट आणि आमच्या वर्गातला महुव्याचा मित्र (गाडी त्याच्या वडिलांची) धरून आम्ही चौघं.

ठरलं होतं ते असं: भावनगरकडून उतरायचं, किनाऱ्याने दीव, तिथून कोडीनार, मग सोमनाथ. दीव पाहुणीसाठी. कोडीनार माझ्यासाठी, खरं तर आजीसाठी. आजी तिथली. तिचे वडील कोडीनारच्या वहिवाटदार (म्हणजे तालुक्याच्या महसुली अधिकाऱ्याच्या) कचेरीत कारकून होते. तीन बाजूंनी जुनागढचं राज्य, चौथीकडे समुद्र आणि मधे हा गायकवाडी तालुका, अमरेली प्रांतातला. १ मे १९४९ ला बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं आणि त्याच वर्षी बारा वर्षांची आजी बडोद्याला आली. पुन्हा कधी तिकडे गेली नाही. पण बोलताना अजून "आमचं कोडीनार" म्हणते आणि तिचं ऐकून मीही लहानपणापासून तसंच म्हणते.

आम्हा बडोदेकरांचा समुद्र म्हणजे कंबोईचा. स्तंभेश्वराचं देऊळ भरतीत बुडतं ते बघायला जायचं, चपला हातात घ्यायच्या आणि चिखलातून परत यायचं. निळं पाणी मी मोठी होईपर्यंत फक्त चित्रात पाहिलं होतं. आज भावनगरच्या पुढेही तोच राखाडी समुद्र दिसला, पण केवढा! खंभातच्या आखातात भरती-ओहोटीतला फरक दहा मीटरांपर्यंत जातो. म्हणजे आमच्या तीन मजली घराइतकं पाणी दिवसातून दोनदा चढतं आणि उतरतं. अलंगचा सगळा धंदा याच उधाणावर चालतो. मोठी भरती धरून जहाज त्याच्याच इंजिनाच्या जोरावर वाळूत घुसवतात, पाणी उतरलं की ते तिथेच रुतून बसतं आणि मग तोडायला लागतात. १९८३ पासून हे चाललं आहे. यार्डात आत सोडत नाहीत. आम्ही रस्त्यावरच्या दुकानांतून हिंडलो. जहाजांवरून उतरवलेलं सामान तिथे विकायला असतं: गाद्या, कपबशा, लाइफ जॅकेटं, आख्ख्या स्वयंपाकघरांची भांडी. पाहुणीने एक पांढरी बशी घेतली. तिच्या कडेवर कुठल्याशा कंपनीचं निळं चिन्ह आहे. कुणी कुठल्या समुद्रात त्या बशीत जेवलं असेल, असं ती दोनदा म्हणाली.

महुव्याला मित्राच्या काकांकडे उतरलो आहोत. काकूंनी बाजरीचा रोटला आणि पांढरं लोणी वाढलं. डोळे मिटताहेत.

शनिवार, २० डिसेंबर. दीव

राजुल्याच्या पुढे जाफराबादचा फाटा लागला आणि गाडीत वास आला. मी आणि नागपूरकरीण एकदमच ओरडलो, "बोंबील!" जाफराबादचे बोंबील प्रसिद्ध आहेत, बांबूच्या वलाणीवर ओळीने वाळत घातलेले असतात. हे जाफराबाद जंजिऱ्याच्या सिद्दीकडे होतं. मुरूडच्या समुद्रात बसलेला नवाब इतक्या लांबचं बंदर राखून होता. या किनाऱ्यावर कोण कुठून येऊन धनी झालं याची यादी करायला बसलं तर वही पुरणार नाही. जंजिऱ्याचे सिद्दी, बडोद्याचे गायकवाड आणि दीवला पोर्तुगीज.

उन्यापासूनच पाहुणी गप्प झाली. घोघल्याच्या नाक्यावर नारळवाल्याने विचारलं, कुठल्या देशाची? ती म्हणाली, "युरोप." मला ते खटकलं, पण काही बोलले नाही.

किल्ल्यावर चार तास होतो. तीन बाजूंना समुद्र, चौथ्या बाजूला खडकात खोदलेला खंदक, आणि समोर खाडीच्या तोंडाशी पाण्यात उभा असलेला पाणीकोठा. म्युझिऑलॉजीची विद्यार्थिनी असल्यामुळे सांगायचं काम माझ्याकडे आलं आणि मी ते उत्साहाने केलं. हुमायूनच्या भीतीने गुजरातच्या सुलतान बहादूरशाहने १५३५ मध्ये पोर्तुगीजांना इथे किल्ला बांधू दिला. दोन वर्षांत त्यांच्याच हातून तो इथल्या समुद्रात मेला. पुढे १५३८ चा वेढा, १५४६ चा वेढा, आणि १९ डिसेंबर १९६१ ला भारतीय सैन्याने दीव मुक्त केलं. काल त्याचाच वाढदिवस होता, गावात अजून पताका आहेत.

ती दरवाज्यावरचा कोरीव लेख वाचत होती. आधी मनात, मग मोठ्याने, आणि थांबून थांबून आम्हाला अर्थ सांगत होती. एकाएकी म्हणाली, "शाळेत मी जे शिकले त्यातलं मला एवढंच आठवतं की दीवचा किल्ला आमच्या लोकांनी शौर्याने राखला. बहादूरशाह हे नाव मी आज तुझ्याकडून ऐकलं." आणि तोफेच्या चौथऱ्यावर बसून राहिली.

तेव्हा मला काय वाटलं ते इथे खरं लिहिते. मला बरं वाटलं. हिला आता कळतंय, असं वाटलं. तिच्या खांद्यावर हात ठेवला तोही वरून ठेवल्यासारखा. आज रात्री हे लिहिताना तो हात मला आठवतोय.

संध्याकाळी नागव्याच्या किनाऱ्यावर होकाची झाडं पाहिली. ताडाच्या जातीची, पण फांद्या फुटलेली. पाणी निळं होतं, शेवटी एकदाचं. पोहलो.

रविवार, २१ डिसेंबर. सोमनाथ, खूप उशीर

आज पुष्कळ लिहायचं आहे.

सकाळी पाहुणीला चर्चला जायचं होतं, नाताळच्या आधीचा रविवार म्हणून. सेंट पॉलचं चर्च सतराव्या शतकाच्या सुरुवातीचं आहे. बाहेरून पांढरंशुभ्र, आत काळपट कोरीव लाकूड. आम्ही तिघं मागच्या बाकावर बसलो. प्रार्थना संपल्यावर अंगणात एक म्हातारी बाई, फुलाफुलांचा झगा, हातात काठी, नातवाशी काहीतरी बोलत चालली होती आणि पाहुणी जागच्या जागी थबकली. दीवच्या थोड्याशा ख्रिस्ती घरांत पोर्तुगीजमधून घडलेली त्यांची स्वतःची बोली अजून बोलली जाते. गुजरातीच्या शेजारी राहून तिचं वळण बदललेलं आहे. पाहुणी पुढे गेली आणि आपल्या भाषेत काहीतरी म्हणाली.

म्हातारीने काठी नातवाकडे दिली आणि दोन्ही हातांनी तिचा चेहरा धरला. मग प्रश्नांची सरबत्ती. पाहुणीला निम्मं कळत होतं, निम्मं नातू गुजरातीत आम्हाला सांगायचा आणि आम्ही तिला. तुझं नाव काय, गाव कुठलं, आई काय करते, बहिणी किती, सकाळी काही खाल्लंस का. नाव तिने दोनदा वदवून घेतलं आणि अचूक म्हणून दाखवलं. साडेचार महिन्यांत आमच्यापैकी कुणाला ते जमलं नव्हतं. नातू म्हणाला, माझे दोन मामा लिस्बनजवळच असतात. १९६१ च्या आधी इथे जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुलांना पोर्तुगालचं नागरिकत्व मागता येतं, तसे इथले पुष्कळ लोक गेले आहेत, हिंदूही आणि मुसलमानही.

निघताना पाहुणी रडली. गाडीत बसल्यावर म्हणाली, "तिला माझा राग यायला हवा होता असं मी धरून चालले होते. तिने मला तो प्रश्नच विचारला नाही. पण म्हणून प्रश्न गेला असं नाही ना?" मी म्हटलं, नाही गेला. आणि मनातल्या मनात माझ्या कोडीनारची वाट बघू लागले.

कोडीनार दीवपासून दीडेक तासावर. मी आजीच्या खुणा कागदावर लिहून आणल्या होत्या: कचेरी, कचेरीमागे चिंच, चिंचेपासून तिसरं घर, ओटा उंच. चिंच सापडली नाही. घरही नाही. एका जुन्या दगडी इमारतीसमोर चहाची टपरी होती, तिथे थांबलो. बाकावर एक आजोबा बसले होते. पांढरा लेंगा, डोक्याला गुंडाळलेला पंचा, ऐंशीच्या पुढचे. माझं आणि नागपूरकरणीचं बोलणं ऐकून म्हणाले, "मराठी छो? बरोडाना?"

मी खुलले. सांगितलं, माझी आजी इथली, तिचे वडील गायकवाडी कचेरीत होते. बोलता बोलता नेहमीसारखं म्हणूनही गेले की कोडीनार आमचंच. गुजरातीत म्हटलं, "अमारूं ज."

आजोबा हसले. चांगलं हसले, त्यात जराही कडूपणा नव्हता. म्हणाले, "गायकवाडी एटले निशाळ." गायकवाडी म्हणजे शाळा. मग बशीतला चहा संपवला. "अने दंड."

आणि त्यांनी सांगितलं. त्यांचे वडील लहान असताना वडिलांचे वडील त्यांना होडीवर न्यायचे, मासळीच्या दिवसांत हात लागायचे म्हणून. शाळेत गैरहजेरी लागली आणि दंड झाला. भरायला पैसे नव्हते. त्यांच्या आजीच्या कानातलं विकलं. पुन्हा पुढच्या मोसमात तेच. तिसऱ्या वर्षी मुलाला शाळेतच ठेवलं. तो शिकला, नंतर मामलेदार कचेरीत शिपाई झाला आणि यांना त्याने मॅट्रिकपर्यंत शिकवलं. "सयाजीराव मोटा माणस," ते म्हणाले. "पण कानातलं गेलं ते गेलं."

सक्तीच्या मोफत शिक्षणाबद्दल मला सगळं माहीत आहे असं मी समजत होते. १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात प्रयोग, १९०६ मध्ये सगळ्या संस्थानात कायदा. बडोद्यात हे आम्ही अभिमानाने सांगतो, आणि अभिमान वाटावा असंच ते आहे. सक्ती म्हटली की दंड असणार हेही मी वाचलं होतं. पण तो दंड वसूल करणारी कचेरी म्हणजे माझ्या पणजोबांची कचेरी, हे आज दुपारी त्या बाकावर बसेपर्यंत माझ्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं. काल किल्ल्यावर मी पाहुणीला बहादूरशाह सांगत होते.

शाळा आणि किल्ला एक नाही. हे मी स्वतःला दिवसभर सांगते आहे आणि ते खरं आहे. पण "आमचं" हा शब्द मी जितक्या सहज वापरत आले तितक्या सहज आता वापरवणार नाही.

पाहुणीला मी सगळं भाषांतर करून सांगितलं, काही गाळलं नाही. ती काहीच बोलली नाही. तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला. शेजाऱ्यासारखा.

कोडीनारजवळच्या मूळ द्वारकेच्या किनाऱ्यावर सूर्य बुडेपर्यंत बसलो. आजीसाठी समुद्राचा व्हिडिओ केला.

सोमवार, २२ डिसेंबर. गाडीत

सकाळी सोमनाथचं दर्शन. मोठ्या देवळाच्या जवळच अहिल्याबाईंनी १७८३ मध्ये बांधलेलं देऊळ आहे, तिथे गर्दी कमी होती. थोडा वेळ बसले. मग नऊ-दहा तासांचा रस्ता. सगळे झोपले आहेत, मित्र गाडी चालवतोय आणि मी त्याला जागं ठेवायला गूळपापडी भरवतेय.

मंगळवार, २३ डिसेंबर. बडोदं

आज दुपारी जेवण झाल्यावर आजीला व्हिडिओ दाखवला. फोन तिने कानाशी धरला, डोळ्यांसमोर नाही. "ही ओहोटी आहे," म्हणाली. "भरतीचा आवाज भरलेला असतो." बरोबर होतं, ओहोटीच होती.

चिंच नाही, घर नाही, हे सांगितलं. तिने मान हलवली. मग त्या आजोबांचं सांगायचं की नाही यावर मी अर्धा तास घालवला. तिच्या वडिलांबद्दल ती फार हळवी आहे. शेवटी सांगितलं. कानातल्याचंही.

आजी बराच वेळ सुपातले तांदूळ निवडत राहिली.

मग म्हणाली, "बायका यायच्या आमच्या ओट्यावर. संध्याकाळच्या. खाली पायरीवर बसायच्या. आई पाणी द्यायची. अण्णा आत असायचे पण बाहेर यायचे नाहीत, दिवासुद्धा लावायचे नाहीत. मला वाटायचं त्या आईला भेटायला येतात."

मी काही बोलले नाही.

"कुठला होता तो?" तिने विचारलं. "वेलणचा की कोटड्याचा?"

मी विचारलं नव्हतं. गाव नाही, नावही नाही. तासभर त्यांच्या शेजारी बसले होते, चहाचे पैसेही त्यांनीच दिले.

"विचारायचंस," आजी म्हणाली, आणि तांदूळ पाखडायला घेतले.