माटोळीतला दोडका

चवथ, म्हणजे गोव्याची गणेश चतुर्थी, जवळ आली की पणजी ओस पडू लागते. इथल्या माणसाचा फ्लॅट शहरात असला तरी त्याचा गणपती गावच्या मूळ घरात असतो. तिथे भावा-चुलतभावांच्या सगळ्या बिऱ्हाडांचा मिळून एकच गणपती बसतो आणि वर्षभर एकमेकांशी धड न बोलणारे भाऊसुद्धा त्या दीड दिवसापुरते एका छपराखाली नांदतात. अशा वेळी परगावचा माणूस फार उघडा पडतो. चवथीची दोन दिवसांची सुट्टी परभणीला जाण्यायेण्यातच संपली असती, म्हणून इथली माझी पहिली चवथ खोलीवरच काढायची असे मी ठरवून टाकले होते. पणजी-फोंडा शटल बसच्या तिकिटाच्या रांगेत ओळख होऊन पुढे गट्टी जमलेल्या माझ्या मैत्रिणींना हा बेत मुळीच पसंत पडला नाही आणि त्यांतल्या एकीने मला सरळ आपल्या सावईवेऱ्याच्या घरी नेले.

दुसऱ्याच्या सणाला पाहुणे म्हणून जाणे तसे अवघडच असते. घरची माणसे कामात बुडालेली असतात आणि आपल्या वाट्याला मात्र खुर्ची, सरबत आणि ‘बसा, बसा’ एवढेच येते. या घराने मला ते सुख लाभू दिले नाही. “भितर सर गो बाय,” म्हणत मैत्रिणीच्या आईने मला थेट स्वयंपाकघरात नेले आणि नेवऱ्यांच्या, म्हणजे करंज्यांच्या, पोळपाटाशी बसवले. मी मुरड घातलेली पहिली नेवरी तिथल्या सर्वांत वयस्क काकींनी हातात घेतली, उजेडाकडे धरून तिची कड निरखली आणि काही न बोलता लाट्यांचे ताट माझ्यासमोर सरकवले. नोकरीच्या मुलाखतीतही मला एवढे दडपण आले नव्हते.

संध्याकाळी माटोळी बांधायला घेतली. गणपतीच्या आसनावर छताला आडवी टांगलेली ही लाकडी चौकट. तिला परसातल्या आणि रानातल्या वस्तू बांधतात. मुले शिडीवर आणि मी खाली, त्यांनी मागितलेली वस्तू वर देण्यासाठी. नारळ, सुपारीचे घोस, तोरिंग, निरफणस, चिबूड, तवशी, दोडकी आणि आंबाडे मला ओळखता आले. कांगला आणि लालभडक कवंडळ यांच्यासाठी मात्र शेजारी उभ्या असलेल्या एका चिमुरड्या भाचीची मदत घ्यावी लागली आणि माझे अज्ञान पाहून ती भलतीच खूश झाली. कला आणि संस्कृती संचालनालय माटोळीची राज्यभर स्पर्धा घेते, तीत लोक शेकड्यांनी वस्तू मांडतात. आमच्या काकांना स्पर्धेत रस नव्हता. त्यांना फक्त मागच्या वर्षी कोणाला बक्षीस मिळाले आणि ते कसे मिळायला नको होते, हे तपशीलवार ठाऊक होते. व्हिडिओ कॉलवर माझ्या आईने माटोळी वरपासून खालपर्यंत पाहिली आणि तिचा पहिला प्रश्न होता, “एवढं वजन पेलतं का गं ते लाकूड?”

तिच्या प्रश्नाला कारण होते. आमच्या मराठवाड्यात महालक्ष्म्यांच्या डोक्यावर असाच फुलोरा टांगतात, पण तो तळणीचा: करंज्या, पापड्या आणि कणकेचे नाना आकार. भाद्रपदात सावईवेऱ्यात रान आणि कुळागर, म्हणजे सुपारी-नारळाची बाग, फळांनी लवलेले असते, तर आमच्याकडे पावसाने ओढ दिली की शेताकडे पाहवत नाही. म्हणून आमच्या बायकांनी देवीपुढे टांगायची फळे कढईतून काढली असावीत, असा माझा आपला तर्क. तो काकांना सांगितल्यावर त्यांनी थोडा विचार केला आणि “मग तुमचे बरे, पिकून डोक्यावर पडत नाहीत,” असा अभिप्राय दिला.

आरतीला घुमट निघाले. २०१९ मध्ये या वाद्याला गोव्याचे वारसा वाद्य म्हणून मान्यता मिळाली, हे अभिमानाने सांगून झाल्यावर काकांनी घोरपडीच्या कातड्याची आठवण काढून लगेच उसासाही टाकला, कारण वन्यजीव कायद्याने त्यावर बंदी आल्यापासून मडक्याच्या तोंडावर बकरीचे कातडे चढवावे लागते आणि त्यांच्या मते तो नाद यात नाही. आरत्या मराठीच होत्या, शब्द सगळे पाठ होते, पण चाल अशी की मी ओळ संपवून पुढच्या ओळीची वाट पाहत उभी आणि मंडळी अजून घुमट आणि शामेळ या तालवाद्यांच्या तालावर त्याच ओळीला घोळवत आहेत. भूक लागलेल्या माणसाने तिथे घड्याळाकडे पाहू नये. नंतर पानात आलेल्या तिरफळे घातलेल्या खतखत्याने, म्हणजे अनेक भाज्यांच्या रस्स्याने, मात्र सगळी भरपाई केली.

दीड दिवसांनी विसर्जन झाले, माटोळी उतरली आणि निघताना माझ्या पिशवीत दोडकी, तवशी, चिबूड असे बरेच काही येऊन पडले. ते पाहून मला धीर आला. आमच्या महालक्ष्म्या परभणीच्या घरातच बसतात, इथे वेगळ्या मांडता येत नाहीत. पण ज्येष्ठा नक्षत्रावर पूजनाच्या दिवशी त्यांना दाखवतात तो पुरणपोळीचा, सोळा भाज्यांचा आणि ज्वारीच्या आंबिलीचा नैवेद्य पणजीत शिजवायला कोणाची हरकत असणार? मैत्रिणी आल्या, त्यांच्यासोबत मैत्रिणीची आई आणि त्या काकीही आल्या. खुर्चीवर बसवण्याचे माझे सारे प्रयत्न हाणून पाडून काकींनी विळी ओढली आणि माटोळीतलाच दोडका चिरायला घेतला.

पुरणपोळीवर कोणीच टीका केली नाही. सोळा भाज्यांची मिसळ चाखून मैत्रिणीच्या आईने मात्र खोबऱ्याशिवाय हिला भाजी म्हणणे हा माझ्यावरच्या मायेपोटी दाखवलेला मोठेपणा आहे, असे जाहीर केले. मी दाण्याच्या कुटाची बाजू लावून धरली. आंबिलीचे पेले रिते झाले तरी वाद मिटला नव्हता. शेवटी काकींनी उरलेली भाजी डब्यात भरून घेतली आणि घरी नेऊन तिच्यात खोबरे घालून पाहते म्हणाल्या.