हातचा न लागलेली संख्या

१२३४५६७८९८७६५४३२१ ही संख्या नाशिककरांनी आपली मानायला हरकत नाही. १११११११११ ला त्यानेच गुणले की ती येते. नाशिकजवळच्या देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर अशा संख्यांना ‘डेम्लो संख्या’ म्हणत. कल्पना सुचली त्या स्टेशनाचे तेव्हाचे नाव डेम्लो, आजचे डोंबिवली. (आजच्या गर्दीत तिथे एखादी संख्या सुचून दाखवावी!) कापरेकर म्हटले की सगळे ६१७४ हा ‘कापरेकर स्थिरांक’ सांगतात. माझा जीव मात्र या सतरा अंकी लांबोडीवर.

नाशिकच्या सीबीएस या बसस्थानकावर बसची वाट बघताना वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर मी कधीकधी हा गुणाकार मांडतो. एकाने गुणायचे म्हणजे करायचे काहीच नाही. तीच ओळ नऊ वेळा, दर वेळी एक घर डावीकडे सरकवून. मग उभी बेरीज: पहिल्या रकान्यात एक एकटाच, पुढे दोन, तीन, मधोमध पुरे नऊ, आणि पुन्हा उतरण. कुठेही हातचा नाही. उलटसुलट सारखी वाचता येते ती एवढ्याचमुळे.

गणिताचे जाणकार म्हणतील, ही करामत दशमान लेखनाची, संख्येची नव्हे. खरे आहे. दहाऐवजी दुसरा पाया धरून, समजा आठाच्या गटांनी मोजून, लिहिली तर तिचा हा चेहरा जाईल. पण ३, ३७ आणि ३३३६६७ हे तिचे मूळ अवयव कुठल्याही पायात तेच राहतील; तीनाचा चौथा घात, बाकी दोघांचे वर्ग. त्यामुळे तिला नेमके पंचेचाळीस विभाजक आहेत. अंकांची बेरीज ८१, आणि ८१ ने तिला निःशेष भागही जातो. पण मला चेहराच आवडतो, त्याला काय करणार?

आता दहा एक ओळीने लिहून होणाऱ्या ११११११११११ चा वर्ग करून बघा. मधल्या रकान्यात दहा जमतात, शून्य लिहून हातचा एक शेजारच्या नवाकडे जातो. तिथेही दहा; पुन्हा शून्य, पुन्हा हातचा. तो आठाला मिळून नऊ होतो आणि तिथे धक्का थांबतो. उत्तर १२३४५६७९००९८७६५४३२१. डावीकडचा आठ गायब, उजवी बाजू मात्र जशीच्या तशी, कारण हातचा कधी उजवीकडे जात नाही.