कॉलेजचा पंधरा वर्षांचा आराखडा लिहिताना

सातारा, गुरुवार, रात्र

आज आयक्यूएसीच्या, म्हणजे कॉलेजच्या अंतर्गत गुणवत्ता कक्षाच्या बैठकीत संस्थात्मक विकास आराखड्यातला विद्यार्थी साहाय्याचा भाग माझ्याकडे आला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात प्रत्येक महाविद्यालयाचा असा आराखडा असावा असं म्हटलंय, विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसी) २०२४ मध्ये त्याची मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या सहाव्या निकषातही दूरगामी नियोजनाबद्दल विचारतातच. त्यामुळे काम टळणारं नाही. मला ते टाळायचंही नाही. पुढची पंधरा वर्षं हे कॉलेज कुणासाठी चालवायचं, हे एकदा कागदावर यायलाच हवं.

प्राचार्य म्हणाले, जुन्या संस्थांचे आराखडे वाचा. म्हणून संध्याकाळी स्वयंपाक उरकल्यावर कॅथलिक महाविद्यालयांचं वाचत बसले. मुंबईचं सेंट झेवियर्स १८६९ चं, अमेरिकेतलं नोटर डेम १८४२ चं. नोटर डेमने २०२३ मध्ये २०३३ पर्यंतचा आराखडा जाहीर केला. त्यात इमारतींच्या आणि पैशांच्या गोष्टी आहेतच. पण गरिबी, नीतिविचार, लोकशाही, मुलांचं मानसिक आरोग्य हे संशोधनाचे आणि कामाचे विषय म्हणून ठेवलेत. आपण कोण आहोत हे आधी, मग काय बांधायचं ते. हा क्रम मला पटला.

त्यामागे एक जुना कागद आहे. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १५ ऑगस्ट १९९० रोजी कॅथलिक विद्यापीठांसाठी एक आज्ञापत्र काढलं. श्रद्धा आणि ज्ञान यांचं नातं हा त्याचा मुख्य विषय, आणि तो त्यांचा त्यांच्यापाशी. पण उच्च शिक्षण गरिबांना आणि अल्पसंख्य गटांना गाठता आलं पाहिजे, असंही त्यात स्पष्ट लिहिलंय. साताऱ्यात बसून हे वाचताना परकं वाटलं नाही. भाऊराव पाटलांनी १९२४ साली याच गावात सगळ्या जातींच्या मुलांना एकत्र ठेवणारं बोर्डिंग काढलं आणि ते चालावं म्हणून लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, मंगळसूत्रसुद्धा दिलं. आराखडा हा शब्दही तेव्हा कुणी वापरला नसेल. पण कुणासाठी, हे पक्कं होतं.

नुसता हेतू चांगला असून भागत नाही, हेही आज वाचलं. अमेरिकेतलं मिलवॉकीचं कार्डिनल स्ट्रिच विद्यापीठ २०२३ मध्ये बंद झालं, फिलाडेल्फियाजवळचं कॅब्रिनी २०२४ मध्ये. दोन्ही नन्सनी उभी केलेली. तिकडे २००७ नंतर जन्म कमी होत गेले, ती मुलं आता अठरा वर्षांची होतायत आणि लहान कॉलेजांचे वर्ग ओस पडतायत. हे वाचून पोटात गोळा आला. आपल्याकडेही खेड्यातल्या शाळांचा पट घसरतोय, दरवर्षी जूनमध्ये कला शाखेच्या प्रवेशाची काळजी असते आणि बारावी झाली की पोरं पुण्याची वाट धरतात. तरी प्रवेशक्षमता वाढवू, नवे अभ्यासक्रम काढू, एवढंच आम्ही लिहीत असतो. काय बंद करायचं, काय राखायचं, यावर एक ओळ नसते.

झेवियर्सबद्दल मला सगळ्यात जवळचं काय असेल तर तिथला ब्लाटर हर्बेरियम, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह. वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या माणसाला तो माहीत नसून चालत नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला स्वित्झर्लंडहून आलेल्या फादर ब्लाटर यांनी झाडं गोळा करून, दाबून, नोंदवून ठेवली. १९३४ मध्ये ते गेले. पुढे स्पेनचे फादर सांतापाऊ आले, त्यांनी खंडाळ्याच्या डोंगरातल्या वनस्पतींवर काम केलं, नंतर ते देशातल्या वनस्पतींची पाहणी करणाऱ्या बोटॅनिकल सर्व्हे ऑफ इंडिया या सरकारी संस्थेचे प्रमुखही झाले. माणसं बदलली, संग्रह वाढत राहिला. आजही पश्चिम घाटातल्या झाडाची ओळख पटवायला अभ्यासक तिथे जातात. दूरगामी योजना म्हणतात ती मला तरी हीच वाटते: आज सुरू करणाऱ्याला शेवट दिसणार नाही, पण पुढच्याला नेमकं काय करायचं ते कळेल.

आमच्या प्रयोगशाळेतही एक लाकडी कपाट आहे. डांबरगोळ्यांचा वास, पिवळे पडलेले जाड कागद, दोऱ्याने टाचलेली झाडं. कासच्या पठारावरून आणलेली सीतेची आसवं ही रानफुलं, त्याखाली निळ्या शाईत जागा, तारीख, गोळा करणाऱ्या विद्यार्थ्याचं नाव. त्या पठाराला २०१२ मध्ये पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारसा म्हणून मान मिळाला, त्याच्या कितीतरी आधीची ही पानं. गेल्या काही वर्षांत त्यात भर पडलेली नाही. हा संग्रह सांभाळणारे सर निवृत्त झाले आणि ते काम कुणाच्याच नावावर राहिलं नाही. हे आराखड्यात यायला हवं. दरवर्षी दुसऱ्या वर्षाच्या मुलांनी परवानगी घेऊन, झाड न उपटता, फोटो आणि नोंदी करायच्या. जबाबदारी व्यक्तीवर नाही, विभागावर.

आणि माझ्या भागातली पहिली गोष्ट एसटीची. बामणोलीकडून येणाऱ्या मुली प्रात्यक्षिक अर्धं टाकून निघतात, कारण प्रात्यक्षिक पाचला संपतं आणि त्यांची गाडी त्याआधी सुटते. एक मुलगी तर सूक्ष्मदर्शकाखाली छेद लावून ठेवते, आकृती काढायच्या आतच दप्तर उचलते. वही अपुरी, गुण कमी, मग ‘अभ्यासात लक्ष नाही’ असा शेरा. तिचे वडील मुंबईत माथाडी काम करतात, घरी आजी. पुढच्या गाडीने जा म्हणायला पुढची गाडीच नाही. त्या मुलींची प्रात्यक्षिकं सकाळच्या तुकडीत घेतली तर एक रुपया खर्च नाही. स्मार्ट क्लासरूमच्या आधी हे लिहिणार आहे, कोण करणार आणि कोणत्या सत्रापासून, त्यासकट.

आढाव्याचं काय, हाही प्रश्न आहेच. झेवियर्स चालवणाऱ्या जेझुइट धर्मसंघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला यांनी दिवसातून दोनदा थांबून स्वतःला तपासायची शिस्त घालून दिली. आम्ही एक्यूएआर, म्हणजे नॅकला द्यायचा गुणवत्ता अहवाल, वर्षातून एकदा भरतो, तोही बहुतेक जानेवारीत धावपळ करून. प्रत्येक सत्राच्या शेवटी अर्धा दिवस, विद्यार्थी प्रतिनिधींना सोबत घेऊन, एवढं मागणार आहे. काही जण वेळ नाही म्हणतील. त्यांच्याशी मी वाद घालीन.

उद्या आधी स्टँडवर जाऊन कास, बामणोली आणि मेढ्याच्या गाड्यांच्या वेळा उतरवून आणायच्या. मग वेळापत्रक समितीकडे.